चूक सांगणारे आकडे

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या आधार कार्डावर बारा आकडे असतात. त्यांतले पहिले अकरा आपल्याला दिलेले असतात. बारावा मात्र कोणी वेगळा दिलेला नसतो. तो त्या अकरांतूनच हिशेबाने काढलेला असतो. म्हणजे बाराव्या आकड्यात आपल्याविषयी काहीच नवी माहिती नाही. मग तो छापायचा कशाला? या एका प्रश्नामागे जाता जाता मी गेल्या वर्षभरात ज्या गणितापाशी येऊन पोचलो, त्याची ओळख या लेखात करून द्यावी असा विचार आहे. आमच्या महाविद्यालयात कला शाखेत गणित घेणारे आम्ही मोजून सात विद्यार्थी. ‘कलेला येऊन गणित?’ हा प्रश्न आम्हांला वर्गात, वसतिगृहात आणि एस. टी.च्या थांब्यावरही विचारला जातो. त्याचेही थोडेफार उत्तर येथे मिळाले तर बरेच.

या गणिताला पुस्तकात ‘समचयात्मक गणित’ असे भारदस्त नाव आहे. मी त्याला आपले मांडणीचे गणित म्हणतो. त्यात मोठाली समीकरणे फारशी नसतात. ठरावीक वस्तू ठरावीक अटी पाळून मांडता येतील काय, आणि येत असतील तर कशा, एवढाच प्रश्न. रोजच्या वर्तमानपत्रातले सुडोकू हे याचे सर्वांच्या ओळखीचे उदाहरण होय. सुडोकूतली लहान चौकटींची अट काढून टाकली की जे उरते त्याला ‘लॅटिन चौरस’ म्हणतात. जितक्या ओळी तितकेच रकाने, तितकीच चिन्हे. आणि कोणतेही चिन्ह एका ओळीत किंवा एका रकान्यात दोनदा येता कामा नये. या साध्या अटीत किती सामर्थ्य आहे ते आता पाहू.

असा एक दहा ओळींचा आणि दहा रकान्यांचा तक्ता समोर आहे असे समजा. ओळींना व रकान्यांना ० ते ९ अशी नावे आहेत आणि आतही तेच दहा आकडे लॅटिन चौरसाच्या नियमाने भरलेले आहेत. आता एखादा लांबलचक क्रमांक घ्या. पहिल्या आकड्याची ओळ आणि दुसऱ्या आकड्याचा रकाना जेथे मिळतात तेथला आकडा टिपा. मग त्या टिपलेल्या आकड्याची ओळ आणि तिसऱ्या आकड्याचा रकाना पाहा. असे करीत शेवटपर्यंत जायचे. शेवटचा आकडा असा निवडून जोडायचा की सगळ्या प्रवासाच्या अखेरीस शून्य यावे. झाला तपासणीचा आकडा तयार!

आता मधला एखादाच आकडा कोणी चुकीचा लिहिला असे धरा. त्या जागी आपण त्याच ओळीत, पण दुसऱ्या रकान्यात जातो. ओळीत एकही आकडा दोनदा नसल्यामुळे तेथे निश्चितच वेगळा आकडा हाती येतो. पुढच्या पायरीला रकाना बरोबर आहे, पण ओळ बदललेली आहे. रकान्यातही कोणता आकडा दोनदा नसतो, म्हणून पुन्हा वेगळाच आकडा मिळतो. अशी ती चूक पायरीपायरीने पुढे सरकत जाते. मध्ये कोठेही तिला लपायला जागा नाही. शेवटी शून्य यायचे ते येत नाही आणि चूक उघडी पडते. हा युक्तिवाद मी प्रथम समजून घेतला तेव्हा मला फार आनंद झाला. कारण त्यात मला न येणारे असे काहीच नव्हते, आणि तरीही ते मला स्वतःहून कधी सुचले नसते.

परंतु माणसे एवढी एकच चूक करीत नाहीत. शेजारशेजारचे दोन आकडे उलटसुलट लिहिणे, ३७ च्या जागी ७३ लिहिणे, ही चूकही नेहमीची. नेहमीच्या बेरजेवरून तक्ता बनवला (आणि दहाच्या पुढे गेल्यावर एकम् स्थानचा आकडा तेवढा ठेवला) तर तोही लॅटिन चौरसच होतो. पण तीन अधिक सात आणि सात अधिक तीन यांत त्याला फरक कळत नाही. मग जागेप्रमाणे कोणाला दुप्पट करा, कोणाला बदला, असे उपाय निघाले. बँकेच्या कार्डांवर जी पद्धत वापरतात ती हान्स पीटर लून यांची, अशाच प्रकारची. तिला ०९ आणि ९० यांची अदलाबदल मात्र ओळखता येत नाही. आणि गंमत अशी की, दहाच्या साध्या बेरजेवर आधारलेली अशी कोणतीही युक्ती एका आकड्याच्या सर्व चुका आणि शेजाऱ्यांच्या सर्व अदलाबदली या दोन्ही पकडूच शकत नाही, असे सिद्ध करता येते. आपल्या ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तकांवर दहा अंकी क्रमांकाच्या शेवटी कधी कधी ‘एक्स’ हे अक्षर दिसते ना, त्याचे कारणही हेच. त्या मंडळींनी दहा सोडून अकराचा हिशेब धरला, आणि अकरावे चिन्ह कमी पडले म्हणून रोमन दहा आणून बसवला.

अक्षर न आणता केवळ दहा आकड्यांत हे साधून दाखवले ते व्हरहूफ या डच गणितज्ञाने, १९६९ साली. त्याने बेरीज सोडून दिली आणि पंचकोन हाती घेतला. पुठ्ठ्याचा एक समभुज पंचकोन कापून वहीवर ठेवा आणि त्याची कडा आखा. आता तो उचलून पुन्हा त्याच आखणीत किती प्रकारे बसवता येईल? पाच प्रकारे फिरवून, आणि उलटा करून आणखी पाच प्रकारे. एकूण दहा हालचाली. दहा हालचालींना दहा आकडे नेमून द्यायचे, आणि ‘ही हालचाल करून मग ती केली तर कोणती झाली’ याचा तक्ता करायचा. तो लॅटिन चौरस होतो. शिवाय आधी फिरवून मग उलटवणे आणि आधी उलटवून मग फिरवणे यांत फरक पडतो, हे पुठ्ठा हातात घेतला की लगेच दिसते. उलटसुलट आकड्यांतला फरक ओळखायला हेच तर हवे होते. एवढ्याने सगळ्या अदलाबदली सापडत नाहीत, म्हणून त्याने प्रत्येक जागेसाठी आकड्यांची एक ठरावीक फेरपालटही जोडली. आधारचा बारावा आकडा याच पद्धतीने निघतो. एका आकड्याची कोणतीही चूक आणि शेजारच्या दोन आकड्यांची कोणतीही अदलाबदल तो हमखास पकडतो.

हे सर्व मी इतक्या तपशिलाने सांगतो आहे त्याला एक कारण आहे. गेल्या पावसाळ्यात माझी आई एका योजनेचा अर्ज भरायला तालुक्याच्या गावी एका केंद्रावर गेली होती. तेथल्या मुलाने यंत्रात क्रमांक घातला, पडद्यावर काहीतरी लाल अक्षरांत आले, आणि तो म्हणाला, “मावशी, तुमचा नंबर बोगस दाखवतोय.” आई शाळेत गेलेली नाही. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, पुन्हा तेच उत्तर मिळाले. दोन दिवसांचा रोज बुडाला तो बुडालाच. शनिवारी मी घरी गेलो तर तिचा पहिला प्रश्न, “माझं नाव काढून टाकलं का रे त्यांनी?” मी कार्ड घेतले आणि अर्जाची पोच घेतली. अर्ज दुसऱ्याच कोणीतरी लिहून दिलेला होता आणि त्यात मधले दोन आकडे उलटे पडले होते. यंत्रात तेच जात होते.

म्हणजे यंत्र आपले काम चोख करीत होते. ‘ही आकड्यांची रांग कोठेतरी चुकली आहे, पुन्हा पाहा’, एवढेच ते म्हणत होते. आई कोण आहे, खरी की खोटी, याविषयी ते काही बोलतच नव्हते. त्या बाराव्या आकड्याला तेवढी अक्कलच नाही. उलट बाजूनेही हे खरे आहे: बारावा आकडा जुळला म्हणून त्या क्रमांकाचा माणूस खरोखर अस्तित्वात आहे असेही सिद्ध होत नाही. ‘बोगस’ हा शब्द यंत्राचा नव्हे, माणसाचा होता. तो मुलगा काही वाईट नसेल. बारावा आकडा कशासाठी असतो हे त्याला कोणी सांगितले नव्हते, इतकेच. परंतु ज्यांच्या घरात कागद वाचणारे पहिलेच माणूस माझ्यासारखे कॉलेजात जाणारे पोर असते, अशी घरे आपल्या तालुक्यात थोडीथोडकी नाहीत.

चूक झाल्याचे कळणे ही पहिली पायरी. कोठे झाली हेही कळले, तर ती दुरुस्तच करता येईल! हा विचार अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रिचर्ड हॅमिंग यांच्या मनात आला तो १९४७ च्या सुमारास, आणि तोही वैतागातून. त्यांना गणकयंत्र शनिवार-रविवारी वापरायला मिळे. त्या वेळी यंत्राजवळ कोणी नसे. यंत्राला आपल्या कामात चूक झाल्याचे कळले की ते हॅमिंग यांचे काम तसेच सोडून पुढचे काम हाती घेई. सोमवारी येऊन पाहावे तर हाती काही नाही. चूक झाली हे यंत्राला समजते, मग कोठे झाली हे का समजू नये, असा प्रश्न त्यांना पडला. १९५० साली त्यांनी त्याचे उत्तर प्रसिद्ध केले.

ते उत्तर मी सात दिव्यांवर सांगतो. नदीच्या अलीकडच्या काठावर एका रांगेत सात दिवे आहेत, १ ते ७. पलीकडच्या गावाला निरोप द्यायचा तो कोणते दिवे लावले आणि कोणते विझवले यावरून. वाऱ्याने एखादा दिवा विझेल, किंवा विझवलेला नीट विझणार नाही, ही धास्ती. तर मग दिव्यांची पुढील सात त्रिकुटे पाहा: १-२-३, १-४-५, १-६-७, २-४-६, २-५-७, ३-४-७ आणि ३-५-६. या यादीत एक विलक्षण गोष्ट आहे. सातांपैकी कोणतेही दोन दिवे निवडा, ते दोन्ही असलेले त्रिकूट यादीत एकच सापडेल. एकही कमी नाही आणि एकही जास्त नाही. वाचकांनी पेन्सिल घेऊन पडताळून पाहावे. माझ्यावर विश्वास ठेवण्याचे काही कारण नाही. सात बिंदूंच्या या रचनेला फानो या इटालियन गणितज्ञाचे नाव आहे. त्याने ती १८९२ साली भूमितीच्या अभ्यासात मांडली. त्या वेळी गणकयंत्र नव्हते आणि त्याला कोणाला निरोपही धाडायचा नव्हता.

आता निरोप ठरवू. एकही दिवा न लावणे हा एक निरोप. एकेक त्रिकूट लावणे हे सात निरोप. एखादे त्रिकूट विझलेले ठेवून उरलेले चार लावणे हे आणखी सात. आणि सातही लावणे हा एक. असे एकूण सोळा निरोप झाले. समजा अलीकडून १-४-५ लावले आणि वाऱ्याने चौथा विझला. पलीकडे फक्त १ आणि ५ दिसतील. दोन दिव्यांचा निरोप तर आपल्या यादीत नाही. मग १ आणि ५ ज्यात आहेत असे त्रिकूट कोणते? एकच, १-४-५. निरोप तर कळलाच, शिवाय कोणता दिवा विझला तेही कळले. आता समजा १, २, ४ असे तीन दिवे दिसले. हे त्रिकूट यादीत नाही. विझलेले दिवे ३, ५, ६, ७. त्यांत ३-५-६ हे त्रिकूट आहे. म्हणजे ३-५-६ मुद्दाम विझवलेले होते आणि ७ बिचारा वाऱ्याने गेला. अशा कोणत्याही एका दिव्याची चूक पलीकडचा माणूस अलीकडच्याला न विचारता दुरुस्त करू शकतो.

सोळा निरोपांना खरे तर चारच दिवे पुरले असते. चुकीपासून बचावासाठी प्रत्येक दिवा तीन तीन वेळा लावतो म्हटले तर बारा दिवे लागले असते. येथे सातांत भागले. आणखी एक हिशेब करून पाहा. प्रत्येक निरोपाची एक बरोबर मांडणी आणि एका दिव्याच्या चुकीच्या सात मांडण्या, अशा आठ. सोळा आठे एकशे अठ्ठावीस. सात दिवे लावण्या-विझवण्याचे एकूण प्रकारही नेमके १२८. एक प्रकारही वाया गेलेला नाही. शेत असे पेरले की बांधालासुद्धा पडीक जागा उरली नाही! अर्थात दोन दिवे एकदम चुकले तर ही युक्ती फसते, आणि फसल्याचे तिला कळतही नाही. १-४-५ पैकी ४ आणि ५ दोन्ही विझले, तर पलीकडचा माणूस एकटा १ पाहून ‘हा चुकून लागला असेल’ म्हणेल आणि सगळे दिवे विझलेले असल्याचा निरोप घेऊन घरी जाईल. दुरुस्त करणारी युक्ती किती चुका गृहीत धरते हे आधी विचारून घ्यावे, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

अधिक चुका सोसायच्या तर अधिक आकडे खर्च करावे लागतात. १९७१ च्या नोव्हेंबरात मरिनर ९ हे अमेरिकन यान मंगळाभोवती फिरू लागले आणि त्याने हजारो छायाचित्रे धाडली. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याची छटा ६४ पैकी एक. म्हणजे खरे तर सहा खुणांचे काम. पण यान प्रत्येक ठिपक्यासाठी ३२ खुणा पाठवीत असे. या ३२ खुणांच्या ६४ रांगा हादामार या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चौरसावरून घेतल्या होत्या. त्यांतल्या कोणत्याही दोन रांगा निदान सोळा ठिकाणी एकमेकींपासून वेगळ्या असतात. त्यामुळे बत्तीसांपैकी सात खुणा वाटेत बिघडल्या तरी मूळ छटा कळे.

या मांडण्या आल्या कोठून, हा इतिहास मला सर्वांत गोड वाटतो. ऑयलर हा थोर गणितज्ञ म्हातारपणी, डोळ्यांनी जवळजवळ अंध झालेला असताना, एका कोड्याच्या मागे लागला होता. सहा पलटणी, प्रत्येक पलटणीत सहा निरनिराळ्या हुद्द्यांचे सहा अधिकारी. या ३६ जणांना चौरसात असे उभे करा की प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक रकान्यात प्रत्येक पलटणीचा एक आणि प्रत्येक हुद्द्याचा एक असावा. तीनाचा असा चौरस सहज जमतो. तीन रंगांच्या पिशव्या आणि तीन धान्ये घेऊन मी तो असा मांडला:

वरची ओळ: लाल ज्वारी, पिवळी बाजरी, हिरवी तूर.
मधली ओळ: पिवळी तूर, हिरवी ज्वारी, लाल बाजरी.
खालची ओळ: हिरवी बाजरी, लाल तूर, पिवळी ज्वारी.

(रंग पिशवीचा, धान्याचा नव्हे.) रंगांचा एक लॅटिन चौरस, धान्यांचा दुसरा, आणि एकावर एक ठेवले असता नऊही जोड्या वेगवेगळ्या. सहाचा मात्र ऑयलरला काही केल्या जमेना. १७८२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने अंदाज वर्तवला की सहाचाच काय, दहाचा, चौदाचा, अठराचा, असा चार-चारांच्या अंतराने पुढचा कोणताच चौरस जमणार नाही. सहापुरते त्याचे म्हणणे खरे ठरले. तारी या फ्रेंच गृहस्थाने १९०० च्या सुमारास सगळे पर्याय एक एक तपासून ते सिद्ध केले. बाकीचे तसेच लोंबकळत राहिले.

मधल्या काळात हे चौरस शेतात उतरले होते. हे मी अलंकाराने म्हणत नाही. इंग्लंडात रोथॅमस्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर काम करीत होते. पाच खतांपैकी चांगले कोणते हे ठरवायचे आहे. पण आमच्या शिवारासारखी एका टोकाला काळी आणि दुसऱ्या टोकाला मुरमाड जमीन असली तर? ज्या खताच्या वाट्याला काळी आली तेच जिंकायचे. म्हणून पाच ओळी, पाच रकाने असे वाफे पाडून खते लॅटिन चौरसाने टाकायची. म्हणजे प्रत्येक खताला चांगल्यावाईट जमिनीचा सारखा वाटा मिळतो. आपल्याकडे कोलकात्याला महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत हेच काम चाले, आणि तेथेच राजचंद्र बोस १९३०च्या दशकात या चौरसांकडे वळले. पुढे ते अमेरिकेत चॅपेल हिल येथे गेले. तेथे त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९५० साली पीएच. डी. झालेले एक विद्यार्थी म्हणजे शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. जन्म १९१७ चा, सागरचा, आणि शिक्षण नागपूरचे. १९५९ साली बोस आणि श्रीखंडे यांनी बावीसचा चौरस उभा करून ऑयलरचा अंदाज खोटा पाडला. पार्कर या अमेरिकन गणितज्ञाने दहाचा करून दाखवला. मग तिघांनी मिळून सिद्ध केले की दोन आणि सहा हे दोन अपवाद वगळले तर असा चौरस नेहमीच असतो. १७७ वर्षे उभा असलेला अंदाज कोसळला, म्हणून ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २६ एप्रिल १९५९ रोजी ही बातमी पहिल्या पानावर छापली! श्रीखंडे नंतर भारतात परतले आणि १९६३ पासून पंधरा वर्षे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख होते. २०२० साली, वयाच्या एकशे तिसाव्या वर्षी नव्हे, पण शंभरी ओलांडून १०२ व्या वर्षी, ते वारले. आमच्या पाठ्यपुस्तकात त्यांचे नाव नाही. असायला हवे होते.

बोस यांचे नाव मात्र आपण सगळे रोज पाहतो, ओळखत नाही इतकेच. चहाच्या टपरीवर पैसे देण्यासाठी जी ठिपक्यांची चौकट चिकटवलेली असते, तिच्यात कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांच्या कडेने पंधरा ठिपक्यांची एक पट्टी असते. चौकट कशी वाचायची याची सूचना त्या पट्टीत आहे. सूचना केवळ पाच ठिपक्यांची; उरलेले दहा ठिपके तिच्या रक्षणासाठी. ही मांडणी ज्या पद्धतीने होते तिला बोस, त्यांचे विद्यार्थी रायचौधुरी आणि फ्रान्सचे ओकेंगेम या तिघांची नावे आहेत. १९५९-६० साली ती प्रसिद्ध झाली. पंधरांपैकी कोणतेही तीन ठिपके खराब झाले तरी ती सूचना नीट वाचता येते. चौकटीतल्या बाकीच्या मजकुरासाठी रीड आणि सॉलोमन यांची, १९६० सालचीच, पद्धत वापरलेली असते. म्हणून तर चहाचा ओघळ आलेला कागदही फोन वाचू शकतो.

येथवर चूक आपोआप होणारी होती. गुप्तलेखनात समोर वारा नसतो, माणूस असतो; पण मांडण्या त्याच. क्लॉड शॅनन यांनी १९४९ साली दाखवले की ज्या गुप्त निरोपावरून मूळ निरोपाविषयी काडीचाही सुगावा लागत नाही, अशी पद्धत हवी असेल आणि किल्ल्या निरोपांइतक्याच असतील, तर तिचा तक्ता लॅटिन चौरसच असावा लागतो. ओळ म्हणजे मूळ निरोप, रकाना म्हणजे किल्ली, आणि आतले चिन्ह म्हणजे धाडायचा गुप्त निरोप. किल्ली चिठ्ठ्या टाकून निवडायची आणि पुन्हा वापरायची नाही. गुप्त चिन्ह चोराच्या हाती पडले तरी ते प्रत्येक ओळीत एकदा आहेच. मग मूळ ओळ कोणती म्हणून सांगणार?

माझ्या पिशव्यांच्या चौरसाचा उपयोगही आता सांगतो. आईच्या बचतगटात बँकेतून पैसे काढायला अध्यक्षा, सचिव आणि कोषाध्यक्षा या तिघींपैकी कोणत्याही दोघींच्या सह्या लागतात. एकटीला काढता येऊ नयेत, आणि एक जण माहेरी गेली तर काम अडू नये. सहीऐवजी एखादे गुपित असेच वाटता येईल काय? येईल. गुपित आहे ‘वरची, मधली की खालची ओळ’. समजा ते ‘खालची’ आहे. खालच्या ओळीतले कोणतेही घर चिठ्ठीने निवडा, समजा मधल्या रकान्यातली लाल तूर. अध्यक्षाबाईंना फक्त रकाना सांगा, मधला. सचिवबाईंना फक्त रंग, लाल. कोषाध्यक्षांना फक्त धान्य, तूर. एकटीला काहीच कळत नाही, कारण मधला रकाना तिन्ही ओळींत आहे, लाल पिशवी तिन्ही ओळींत आहे, तूरही तिन्ही ओळींत आहे. पण कोणत्याही दोघी एकत्र आल्या, मधला रकाना आणि लाल, किंवा लाल आणि तूर, किंवा मधला रकाना आणि तूर, की ओळ खालचीच निघते. आदी शमीर आणि ब्लॅक्ली यांनी १९७९ साली वेगवेगळ्या वाटांनी गुपित वाटण्याच्या अशा पद्धती मांडल्या. मोठ्या संस्था आपल्या महत्त्वाच्या किल्ल्या याच तऱ्हेने अनेकांत वाटून ठेवतात. मी हे आईला खरोखरीच्या पिशव्या मांडून दाखवले. तिने आधी तूर उन्हात घालायची आहे म्हणून सांगितले, आणि मग रकाना आणि धान्य यांवरून ओळ बरोबर ओळखली.

तीन ओळींत तीनच गुपिते मावतात. पाच हवी असतील तर पाचाचा चौरस घ्यावा, सात हवी असतील तर साताचा. कोणाला नेमकी सहाच गुपिते या रीतीने तिघांत वाटायची असतील, तर मात्र ते जमणार नाही. तेथे ऑयलरचे छत्तीस अधिकारी आडवे येतात.